कित्ता उजवीकडे

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

फसले! तेही लिफ्टवरच्या एका कागदामुळे.

शुक्रवारी लिफ्टचं दार अडकत होतं म्हणून मी एका कागदावर लिहून चिकटवलं – ‘दार हाताने ओढून लावावे.’ चार शब्द. आज सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या स्मिताकाकू दारात हजर. हातात तोच कागद, सेलोटेपसकट!

“हे छापलंय की लिहिलंय?”

“लिहिलंय.”

“तू?”

नाही, लिफ्टने! – असं म्हणाले नाही. मान हलवली.

काकू दर रविवारी क्लबहाउसमध्ये सोसायटीतल्या आणि बाहेरच्याही मुलांचा मराठीचा वर्ग घेतात. अकरा मुलं, सहा ते आठ वर्षांची. बोलतात बरी. लिहितात ते काकूंच्या शब्दांत ‘कोंबडी चिखलातून गेल्यासारखं’. काकूंना गिरवायचे कागद हवे आहेत – टिंबांची अक्षरं, मुलांनी त्यांवरून पेन्सिल फिरवायची. शब्द ऋतूप्रमाणे बदलायचे. “आता हिवाळा, म्हणजे थंडीचे शब्द. मग उन्हाळ्याचे. तू इंजिनिअर ना? मग कर की!”

मी शहराबाहेर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग मोजते. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत. त्याचा आणि शेकोटीचा संबंध काय, ते काकूंना ठाऊक नाही. मलाही नाही. ‘बघते’ म्हणाले. काकूंच्या भाषेत ‘बघते’ म्हणजे ‘हो’, हे त्या जिना उतरल्यावर कळलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

टिंबांमधलं अंतर दीड मिलिमीटर ठेवलं – सलग रेघच दिसते. चार ठेवलं – अक्षराचं नक्षत्र होतं, कुणीतरी ‘ते बघ सप्तर्षी’ म्हणावं असं. अडीच बरोबर. जिथून सुरू करायचं तिथे लाल टिंब.

प्रत्येक ओळीत डावीकडे ठळक शब्द – कित्ता. मग तोच शब्द दोनदा टिंबांचा. शेवटी रिकामी जागा, तिथे कित्ता बघून मुलाने स्वतः लिहायचं.

शब्द: शेकोटी, हुरडा, धुके, गोधडी, संत्री. हा नागपूरचा हिवाळा. दुसरा माझ्याकडे नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

माझा हिवाळा नापास झाला.

“शेकोटी म्हणजे काय की, अक्का?” हा गुंडू. सात वर्षांचा. त्याचं घराणं म्हणे साडेतीनशे वर्षं इथलंच, कानडी मुलखातलं; मारतहळ्ळीहून आजोबांच्या स्कूटरवर येतो आणि सगळ्या मुलांत एकटाच मला अक्का म्हणतो.

“थंडीत लाकडं पेटवून लोक भोवती बसतात.”

“आणि कुणी कंप्लेंट करत नाही?”

“आम्ही बसलोय! रिसॉर्टला!” ही आर्या, साडेसहा. “मार्शमेलो भाजतात, माझा जळला, मग बाबांचा घेतला, तोही जळला, ताई, हुरडा पण जळतो का?”

हुरडा कुणीही पाहिलेला नाही. गोधडी एकीने दुकानात पाहिली आहे. संत्री बारा महिने दहा मिनिटांत घरी येतात, त्यांचा ऋतूशी काय संबंध, असा प्रश्न आला. रास्त आहे.

“मग तुमच्या थंडीत काय येतं?” मी विचारलं.

“अवरेकाळू!” – गुंडू, बाकावर उभा राहून. (इकडचे थंडीतले पावटे.) “खोकला!” “पाहुणे!” “गुलाबी झाडं!” “बाबांचं टार्गेट!”

काकू हसून हसून खुर्चीत बसल्या. मी सगळं लिहून घेतलं. टार्गेट सोडून.

आर्याने पस्तीस मिनिटांत बावीस प्रश्न विचारले. मोजले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. सतरावा – “ताई, तुझं लग्न झालंय? नाही? मग कुत्रा?”

रविवार, १६ नोव्हेंबर

नवा संच: अवरेकाळू, शेंगा, धुके, खोकला, गुलाबी. मुलं खूश. ‘खोकला’ गिरवताना सगळ्यांनी खोकून दाखवलं, ते कागदावर नव्हतं.

कागद घरी आणून तपासले. दहा स्वच्छ. अकरावा आर्याचा – धुरांड्यातून काढल्यासारखा. प्रत्येक अक्षराला करड्या धुराची शेपटी. आणि रिकाम्या जागेत ‘अवरेकाळू’चं झालंय ‘अवळू’. कित्ता शेजारी असताना!

धांदरट आहे बहुतेक. प्रश्न एकोणीस.

बुधवार, १९ नोव्हेंबर

‘धांदरट’ हे कारण नाही, शिवी आहे. कारखान्यात कुणी अहवालात असं लिहिलं तर मी परत पाठवेन.

शक्यता: पेन्सिल मऊ आहे. कागद गुळगुळीत आहे. हात तेलकट आहे (तिचा डबा नेहमी चकलीचा). रविवारी तिन्ही तपासायचं.

रविवार, २३ नोव्हेंबर

कडक शिशाची पेन्सिल दिली. जाड, खरखरीत कागद दिला. वर्गाआधी हात साबणाने धुऊन घेतले – माझ्यासमोर, दोनदा. “ताई, आपण ऑपरेशन करणार?”

निकाल: धूर कायम! ‘शेंगा’चं ‘शेगा’, ‘गुलाबी’चं ‘गुबी’.

गुंडूने बसवनगुडीच्या जत्रेतल्या शेंगा आणल्या होत्या, पिशवीभर. शब्द गिरवायचा आणि एक शेंग खायची, असा नियम त्यानेच केला. वर्गानंतर टरफलं मी झाडली. काकू म्हणाल्या, “बघ, ऋतू कसा घरात आला!” पायाखाली आला, हे खरं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

कारखान्यात एका भागाला आठवडाभर एकाच कडेला चरा येतोय. मी तीनशे नग मोजले, तक्ता केला, आलेख काढला. शिवाप्पा – लेथवर तेहतीस वर्षं काढलेले – माझा आलेख बघत उभे राहिले. मग म्हणाले, “मॅडम, पीस बहुत देखा. स्वल्प हाथ भी देखो.”

यंत्रापाशी जाऊन उभी राहिले. नवा मुलगा नग बसवताना कडेला घासत होता. दोन मिनिटांत दिसलं. दोष परत परत येत असेल तर यंत्रापाशी जाऊन उभं राहायचं – हा तर पहिला नियम. मीच नव्या लोकांना शिकवते!

बसमध्ये सिल्क बोर्डाच्या चौकात पाऊण तास अडकले. तेव्हा डोक्यात आलं – आर्याचे तीन कागद मी पाहिलेत. तिला लिहिताना एकदाही पाहिलेलं नाही. वर्गात मी कागद वाटते आणि भिंतीशी उभी राहून घड्याळ बघते.

रविवार, ३० नोव्हेंबर

आर्या डावरी आहे.

बस्स. एवढंच होतं. हात शब्दाच्या मागून सरकतो, करंगळीची कड नुकत्या लिहिलेल्या अक्षरांवरून जाते, त्यांना डावीकडून उजवीकडे फरपटत नेते. आणि कित्ता? तो मी डावीकडे छापलाय – नेमका तिच्या मनगटाखाली! रिकाम्या जागेत लिहायची वेळ आली की ती आठवेल तेवढं लिहिते. ‘अवरेकाळू’ झाकून लिहायला सांगितला तर कारखान्यातले निम्मे लोक ‘अवळू’ लिहितील.

ती धांदरट नव्हती. कागद चुकीचा होता. कागद मी केला होता.

हे सगळ्यांत आधी मला कळायला हवं होतं. का, ते इथे लिहीत नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

नवा कागद: कित्ता उजवीकडे. कागद तीस अंश तिरका ठेवायचा, म्हणून खाली बारीक खूण. अकरा मिनिटांचं काम. चार रविवार वाया घालवले मी!

रविवार, ७ डिसेंबर

‘अवरेकाळू’ – सहाही अक्षरं? नाही, पाच. पाचही आली! धूर जवळजवळ नाही. आर्याने कागद वर धरून वर्गभर मिरवला. “माझा वेगळा आहे! माझा वेगळा आहे!” गुंडूने लगेच तसाच मागितला. त्याला म्हटलं तू उजवा आहेस. “सरी,” म्हणजे बरं, “मग मला तिसरा कुठला तरी दे.”

प्रश्न चोवीस. विक्रम.

मग वर्ग सुटल्यावर तिची आई आली, सिद्धी. पुण्याची, इथे मोठ्या हुद्द्यावर, कानात सतत काहीतरी अडकवलेलं. हातात आर्याचा कागद.

“संहिता, हा उलटा का छापलाय?”

सांगितलं.

“अगं, पण आम्ही तिला राइट हँडवर स्विच करतोय! दिवाळीपासून. टीचर म्हणतात स्लो आहे. बाक जोडीचे, शेजारणीला कोपर लागतं. जेवते उजव्याने, प्रसाद उजव्याने घेते, मग लिहायलाच काय? लहान आहे तोवर होऊन जाईल.” थोडं थांबून, “आणि संक्रांतीला सासूबाई येतायत. तुमच्या त्या कार्यक्रमात तिने उजव्या हाताने फळ्यावर लिहिलं ना, तर माझं अर्धं डोकं हलकं होईल. तुझ्यासारखं अक्षर व्हायला हवं तिचं!”

कार्यक्रम ११ जानेवारीला. प्रत्येक मुलाने सगळ्यांसमोर थंडीचा एक शब्द लिहायचा.

“संहिता करून देईल!” – काकू. न विचारता.

मी ‘बघते’ म्हणाले. परत!

सोमवार, ८ डिसेंबर

पाच आठवडे आहेत. पुरतात. पद्धत मला माहीत आहे. रोज पंधरा मिनिटं, मोठ्या टिंबांपासून सुरुवात, डावा हात टेबलाखाली. होतं. खात्रीने सांगते.

रविवार, १४ डिसेंबर

उजव्या हाताचे कागद दिले. आर्या डाव्या हातावर बसते – खरंच बसते, तळहात मांडीखाली घालून. मी सांगितलं नव्हतं. तिने स्वतःच उपाय काढला.

गुंडूला हा खेळ वाटला. तोही दोन्ही हातांवर बसला. मग पेन्सिल दातात धरून ‘खोकला’ गिरवला. काकूंनी त्याला बाहेर काढलं. ‘खो’ चांगला आला होता.

आर्याचे प्रश्न: सहा.

रविवार, २१ डिसेंबर

आर्याचा कागद उत्तम. धूर अजिबात नाही. रेघ स्थिर. शेवटी शिरोरेघ सरळ. काकूंनी सिद्धीला फोटो पाठवला, तिकडून सात अंगठे आले.

प्रश्न: शून्य.

वही मागे उलटून बघितली. बावीस, एकोणीस, (२३ नोव्हेंबरला मोजायचे राहिले, ३० ला भानावर नव्हते), चोवीस, सहा, शून्य. गुंडू जाताना म्हणाला, “अक्का, आर्या बोलतच नाही की. तिचा आवाज पण खाली दाबून बसली काय?”

मंगळवार, २३ डिसेंबर

लिहूनच टाकते.

मी डावरी होते. बाबा – विलास सर – शाळेत मराठी शिकवायचे. फळ्यावरचा सुविचार रोज त्यांच्याच हातचा. लोक वाटेत थांबून बघायचे. पहिलीनंतरच्या उन्हाळ्यात ते रोज दुपारी माझा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधायचे. रुमालाने. पांढरा, निळ्या काठाचा. ते रागावले नाहीत. मारलं तर कधीच नाही. गाठ मारताना ‘लागत नाही ना?’ विचारायचे. दोन महिन्यांत अक्षर वळलं. पुढे बक्षिसं मिळाली. दर संक्रांतीला मी त्यांना हाताने लिहिलेलं कार्ड पाठवते. ते टेबलाच्या काचेखाली ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

दुसरीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं होतं – ‘अक्षर सुंदर. वर्गात अजिबात बोलत नाही.’ एकाखाली एक दोन ओळी. वीस वर्षं माझ्या फायलीत आहेत. त्यांचा एकमेकींशी संबंध कुणी लावला नाही. बाईंनी नाही, बाबांनी नाही. मोजमाप माझा धंदा, तरी मीही नाही.

आता एक मूल गप्प बसलंय आणि या वेळी रुमाल माझ्या हातात आहे. छापील, अडीच मिलिमीटरचा.

रविवार, २८ डिसेंबर

वर्गाला सुट्टी. बाबांचा फोन. रविवारचा फोन नेहमी चार मिनिटांचा – हवा, जेवण, कारखाना, ठेवतो.

“कार्ड वेळेवर पाठव हो. या वर्षी जागा करून ठेवलीय काचेखाली.”

“बाबा, मी डावरी होते ना?”

“होतीस थोडी. सुटलं ते.”

थोडी! खोकला होता जणू!

“रुमाल आठवतो?” मी विचारलं.

“कुठला रुमाल? – कुकरची शिट्टी झाली बघ. ठेवतो.”

दोन मिनिटं बारा सेकंद. कुकरची शिट्टी मला तरी ऐकू आली नाही.

रविवार, ४ जानेवारी २०२६

वर्ग सुटल्यावर सिद्धीला थांबवलं. दोन कागद तिच्यापुढे ठेवले – ७ डिसेंबरचा आणि २१ डिसेंबरचा. खाली तारखेनुसार प्रश्नांचे आकडे.

“हे काय? प्रश्न कसले?”

“आर्याने विचारलेले.”

“तू मोजलेस?” थोडं हसली. मग शेवटचा आकडा बघून हसायची थांबली. “घरी पण... मला वाटलं शाळेत काही झालंय.”

“मी उजव्या हाताचं शिकवणार नाही.”

“पण तुझं अक्षर किती –”

“मी पण डावरी होते. मला बदललं. अक्षर आलं. चौथीपर्यंत मी वर्गात एक शब्द बोलले नाही.”

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. तेही क्लबहाउसच्या टेबल टेनिसच्या टेबलाशी, पलीकडे दोन काका खेळत असताना. चेंडू माझ्या पायाशी आला. परत दिला. डाव्या हाताने, हे नंतर लक्षात आलं.

सिद्धीने दोन्ही कागद उचलले. “टीचरचं मी बघून घेईन. पण सासूबाईंना काय सांगू? आठ दिवसांत येतायत.”

 “माहीत नाही” म्हणाले. ती कागद घेऊन गेली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

सिद्धीचा निरोप नाही. कार्यक्रमाआधीच्या सरावासाठी आर्याचे दोन कागद छापले. एक कित्ता डावीकडे, एक उजवीकडे. असं दोन्ही दगडांवर पाय ठेवणं मला आवडत नाही.

रविवार, ११ जानेवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर राहून जाईल.

दहाला खुर्च्या मांडल्या. दारात सिद्धी, आर्या, आणि त्यांच्यामागे सासूबाई – काठापदराची साडी, पायात स्पोर्ट्स शूज. सिद्धीने मला बाजूला ओढलं. “सांगितलं! काल विमानतळावरून घरी यायला पावणेतीन तास लागले. हेब्बाळलाच विषय काढला. इथे बेळ्ळंदूरला पोचलो तोवर सगळं बोलून झालं होतं, दोनदा.”

“मग त्या काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या – बघू.”

म्हणजे ‘बघू’चा आजार पुण्यातही आहे.

मुलं एकेक करून स्टुलावर चढून लिहीत होती. गुंडूने ‘शेंगा’ लिहिलं आणि खिशातून एक काढून पुरावा म्हणून दाखवली. मग आर्या. तिने सगळ्यांत लांब शब्द निवडला होता – अवरेकाळू.

मार्कर डाव्या हातात घेतला. ‘अ’ काढला. ‘व’ काढला. हात पुढे सरकला – आणि ‘अ’ पुसला गेला!

पांढरा फळा! मी पेन्सिल तपासली, कागद तपासला, साबण तपासला. फळा विसरले! त्यावर टेकलेला हात म्हणजे डस्टरच.

तिने परत ‘अ’ काढला. या वेळी ‘व’ गेला. मागून कुणीतरी हसलं. काकू म्हणाल्या, “आर्या बाळा, दुसऱ्या हाताने बघ ना.” सवयीने म्हणाल्या, वाईट हेतू नव्हता. आर्याने मार्कर उजव्या हातात घेतला. डावा हात पाठीमागे गेला.

मी भिंतीशी उभी होते. नेहमीसारखी. पुढे गेले. तिच्याजवळ वाकले. 

“हात टेकतोय म्हणून पुसतंय,” मी म्हटलं. “शब्द तुझा आहे. हात कुठलाही घे. फक्त टेकू नकोस.”

तिने विचार केला. तिचा विचार दिसतो, नाक हलतं. मग स्टुलावरून खाली उतरली! स्टूल पायाने सरकवलं, टाचा उंचावल्या आणि डोक्यावर हात नेऊन, डाव्या हाताने, वरच्या वर लिहायला लागली. एवढ्या उंचीवर तळहात फळ्याला टेकतच नव्हता. अ – व – रे – का – ळू. अक्षरं चढावर निघालेली. शेवटी शिरोरेघ ओढली तीही चढावर, घाटातल्या रस्त्यासारखी. पण पाचही!

मग वळून, सगळ्यांसमोर – “ताई, फळ्याचं नाव पांढरा फळा का? काळा असतो तो फळा ना? मग हा कोण?”

एक.

सासूबाई उठल्या.  त्यांनी आर्याचा डावा हात पकडून बघितला. मार्करने निळा झाला होता. म्हणाल्या, “हे धुऊन ये. मग तिळगूळ.” धुऊन आली. त्यांनी तिळाची वडी तिच्या उजव्या हातावर ठेवली. आर्याने ती डाव्या हाताने उचलून तोंडात टाकली. सासूबाईंनी डोळे मिटले. उघडले. आणि पुढच्या मुलाला वडी दिली.

वर्ग पांगल्यावर आर्या आणि गुंडू माझ्यापुढे उभे. बातमी फुटली होती.

“अक्का, तू पण डावरी? मग लिहून दाखव की.”

फळ्यावर ‘अ’ काढायला गेले. डाव्या हाताने. अर्धा ‘अ’ झाला, मग काय करायचं ते हाताला आठवेना. गुंडू प्रामाणिकपणे म्हणाला, “स्वल्प घाण आलंय.”

“थांब,” आर्या म्हणाली. जमिनीवर पालथी पडून बराच वेळ काहीतरी करत होती. मग एक कागद दिला. टिंबं! अंतर कुठे एक मिलिमीटर, कुठे नऊ. ‘तिळगूळ घ्या गोड बोला.’ लाल टिंबसुद्धा होतं, सॉसचं. आणि कित्ता – उजवीकडे.

“रोज पंधरा मिनिटं,” ती म्हणाली. “येतं.”

सोमवार, १२ जानेवारी

सुट्टी टाकली. कारण लिहिलं: वैयक्तिक काम.

आर्याचा कागद चार वेळा गिरवला. डाव्या हाताने. जीभ बाहेर येत होती, आरशात दिसली. मग बाबांचं कार्ड घेतलं आणि टिंबांशिवाय लिहिलं. चार शब्द, अकरा मिनिटं. शाई फरपटली. ‘बोला’चा काना पुढच्या गावाला गेला. अक्षराचं वय: साधारण साडेसहा.

वर उजव्या हाताने ‘प्रिय बाबांस’ लिहिणार होते. नाही लिहिलं. तेही डाव्यानेच.

स्पीडपोस्टने पाठवलं. पोस्टातल्या बाई पत्ता वाचून म्हणाल्या, “मुलीने लिहिलं?” म्हटलं, हो.

शुक्रवार, १६ जानेवारी

बाबांचा फोन. शुक्रवारी! रविवारशिवाय फोन करणारा माणूस नाही तो.

“कार्ड आलं.”

“हं.”

 मग त्यांनी तिकडे थंडी आहे का विचारलं. सतरा अंश, मी म्हणाले. “बरं,” बाबा म्हणाले. ठेवला. एक्केचाळीस सेकंद.

मी चूक केली का? मोजायला काही नाही.

रविवार, १८ जानेवारी

बाबांचा फोन नाही. असा पहिलाच रविवार.

वर्ग झाला. आर्याचे प्रश्न सव्वीस. विक्रम मोडला. सिद्धी म्हणाली, सासूबाईंनी मुक्काम वाढवलाय आणि आर्याकडून मोबाइल शिकतायत. “आर्या चिडते. म्हणते, आजी, पहिल्यांदा लाल टिंब बघ!”

रविवार, २५ जानेवारी

फोन नाही. मी केला. उचलला नाही.

काकूंना उन्हाळ्याचे शब्द हवेत. मुलांनी सांगितले: आंबा, टँकर, पंखा, आजोळ. गुंडूने ‘सुट्टी’ दोनदा सांगितला.

मंगळवार, २७ जानेवारी

नागपूरहून पाकीट. पत्ता शाईचा, फरपटलेला. आधी वाटलं बाबांनी शेजारच्या मुलाकडून लिहून घेतला. मग फरपट नीट बघितली – डावीकडून उजवीकडे, प्रत्येक अक्षराला शेपटी.

आत एक कागद. ‘संहितास. माझ्या वेळी सुतळी होती. तुला वळ उठू नये म्हणून रुमाल घेतला. कार्ड काचेखाली ठेवले आहे, सगळ्यांत वर. एवढे लिहायला एक तास लागला. – बाबा.’

अक्षर भयंकर आहे! माझ्यापेक्षाही. आर्याला सांगायला हवं – नागपूरसाठी एक टिंबांचा कागद. कित्ता उजवीकडे.